घरी कोणाचं करता?

जखम धुताना पहिल्या मिनिटात कळतं, ती भरतेय की नुसती अडून बसलीय. भरणारी जखम लाल आणि दाणेदार असते. गॉज उचलला की रक्ताचे बारीक थेंब उमटतात. अडलेली जखम फिकट दिसते, वर पिवळट थर असतो आणि कडा पुढे सरकतच नाहीत. सोलापुरात सर्जरीच्या वॉर्डाला लागून असलेल्या ड्रेसिंग रूममध्ये माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. आता निवृत्त झाले. नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि ओळखीत कुणाचं असेल तर घरी जाऊन ड्रेसिंग करते. एकाच सर्जननं, एकाच धाग्यानं, एकाच दिवशी घातलेले टाके दोन माणसांत वेगवेगळे वागतात, हे ड्रेसिंग करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक असतं.

जखम अडली की माझे चार प्रश्न ठरलेले. साखर किती आहे? हिमोग्लोबिन किती? तंबाखू, मिश्री, विडी यांतलं काही चालू आहे का? आणि ताटात डाळ, अंडं, दूध येतं की नुसती भाकरी आणि चटणी? साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे जखमेला प्राणवायू कमी. प्रथिनं नसतील तर नवीन मांस कशातून तयार होणार? बहुतेक जखमांचं उत्तर या चार प्रश्नांत सापडतं.

काही जखमा तरी उरतातच. पिशवीचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंची आठवण सांगते. पन्नाशीच्या आत-बाहेर वय, साखर नॉर्मल, रक्त बरं, तंबाखूला हात नाही. टाक्यांची रेघ मात्र मध्येच उसवली आणि भरायचं नाव घेईना. मी विचारलं, “मावशी, घरी कोणाचं करता?” त्या म्हणाल्या, “मालकांचं की. अंगावरनं वारं गेलंय, समदं जागेवरच. रात्रीत तीन-चारदा उठावं लागतंय.” पुरुषमाणसाला कूस बदलून द्यायची म्हणजे पोटाच्या टाक्यांवर जोर येतो, हे कारण तर होतंच. पण तेवढंच नव्हतं. जे माणूस महिनोन् महिने दुसऱ्याचं करतं, त्याच्या रक्तातच काही बदललेलं असतं. हे आता मोजून सिद्ध झालेलं आहे.

१९९५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक छोटासा अभ्यास छापून आला. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर ही मानसशास्त्रज्ञ आणि रोनाल्ड ग्लेझर हा प्रतिकारशक्तीचा अभ्यासक, हे नवराबायको त्यामागे होते. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं घरी सगळं करणाऱ्या १३ बायका त्यांनी घेतल्या, आणि वयानं व उत्पन्नानं त्यांच्या बरोबरीच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली आणि ती भरेपर्यंत पाहिलं. फोटो काढले, शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहिलं. हे औषध आम्हा सिस्टरांच्या हातातलं. उघड्या जखमेवर फेस येतो, भरलेल्यावर येत नाही. जबाबदारी नसलेल्या बायकांच्या जखमा सरासरी ३९.३ दिवसांत भरल्या. घरच्यांचं करणाऱ्यांना ४८.७ दिवस लागले. नऊ दिवसांहून जास्त फरक, तोही बोटाच्या नखापेक्षा लहान जखमेत.

तीन वर्षांनी त्याच गटानं दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला तशीच जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. तोंड तेच, माणूस तोच, तरी परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के जास्त वेळ लागला. परीक्षेत एकाचीही जखम सुट्टीइतक्या वेगानं भरली नाही. वीस-बावीस वर्षांची धडधाकट मुलं ही. वय, आजार यांच्यावर ढकलायला इथं जागाच राहत नाही.

हे का होतं हे समजायला आधी दाह म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. दाह म्हटलं की काहीतरी विझवायचं असं लोकांना वाटतं. पण दाहाशिवाय जखम भरतच नाही. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकानं त्याची चार लक्षणं लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, ऊब आणि वेदना. कापल्यावर रक्त गोठतं, मग काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळायला लागतात. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात. त्या मेलेल्या पेशी साफ करतात आणि नवीन मांस बनवणाऱ्या पेशींना बोलावतात. या सगळ्यांना कामाला लावणारे निरोप म्हणजे इंटरल्युकिन-१, टीएनएफ यांसारखी प्रथिनं. ऑपरेशननंतर पहिले तीन-चार दिवस टाक्यांभोवती थोडी लाली आणि ऊब असते, ती बघून नातेवाईक घाबरतात. मी सांगते, काम चालू आहे, चालू द्या. त्यानंतरही लाली पसरत गेली, पू आला, ताप चढला तर मात्र त्याच दिवशी दाखवायला या.

ताणात नेमका हा पहिला निरोपच दुबळा होतो. ओहायोतल्या त्या बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतूच्या आवरणातला एक घटक दाखवून डिवचलं, तेव्हा इंटरल्युकिन-१ बनवण्याची त्यांची तयारी इतर बायकांपेक्षा कमी निघाली. परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांमध्ये हीच तयारी ६८ टक्क्यांनी घटली होती.

हा निरोप कोण दाबतं? त्याचं उत्तर दोन जुन्या गोष्टींत आहे. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये उंदरांवर प्रयोग करत होता. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला दमेपर्यंत पळवलं, कुणाला इजा केली, कुणाला औषधं टोचली. त्रास वेगवेगळे, पण आत सापडलं एकच: मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी फुगलेल्या, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आणि लसिकाग्रंथी आक्रसलेल्या, आणि जठरात व्रण. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुळला तो सेल्येमुळे. थायमसमध्ये प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तयार होतात, हे त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी कळलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकची. फिलिप हेंच हा सांधेवाताचा डॉक्टर. गरोदरपणात किंवा कावीळ झाल्यावर सांधेवाताच्या रुग्णांना आपोआप आराम पडतो, हे त्यानं टिपलं होतं. शरीरच असं काही बनवत असणार, असा त्याचा तर्क. त्याचा सहकारी एडवर्ड केंडल अ‍ॅड्रीनल ग्रंथीतले पदार्थ वेगळे करत होता. त्यांपैकी एक सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. ते कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचा तादेउश राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आज दम्यापासून त्वचारोगापर्यंत जी स्टेरॉइडं वापरतात, त्यांचं घराणं हेच.

म्हणजे दाह नको तितका दाबून जखम सुकू न देणारं रसायन आपलं आपणच बनवतो. धोका दिसला की सेकंदात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते. पाठोपाठ मेंदूकडून अ‍ॅड्रीनलला आदेश जातो आणि कॉर्टिसोनच्याच घराण्यातलं कॉर्टिसॉल वाढतं. ते साखर वाढवतं, रक्तदाब सांभाळतं आणि दाहाला आवर घालतं. एरवीही त्याची रोजची चाल असते: उठल्यानंतर अर्ध्या तासात सगळ्यात जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. रात्रीतून तीन-चारदा उठणाऱ्या बाईच्या शरीराला ही शांत वेळ मिळतच नाही.

इथं हुशार विद्यार्थिनी मला हटकून विचारते, “मॅडम, कॉर्टिसॉल दाह दाबतं, मग ताणानं सांधे का सुजतात, सोरायसिस का उसळतो, हार्टचा धोका का वाढतो?” प्रश्न अगदी बरोबर आहे. रोज ओरडणाऱ्या बापाचं घरात कोणी ऐकेनासं होतं, तसं काहीसं इथं घडतं. कॉर्टिसॉल महिनोन् महिने मागे लागलं की पांढऱ्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात. पातळी असते, हुकूम चालत नाही. मग रक्तात दाह मंद धुमसत राहतो.

हे सर्दीच्या प्रयोगांतून उलगडत गेलं. शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमध्ये सॉल्सबरी इथं ३९४ निरोगी लोकांचा ताण आधी मोजला आणि मग पाच प्रकारच्या विषाणूंपैकी एक त्यांच्या नाकात थेंबांनी सोडला. १९९१ मध्ये निष्कर्ष आला. कमी ताणाच्या लोकांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, जास्त ताणाच्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. पुढे त्यानंच २०१२ मध्ये दाखवलं, की दीर्घ ताणातल्या लोकांच्या पेशी कॉर्टिसॉलचं ऐकत नाहीत आणि सर्दी त्यांनाच जास्त होते. नाक गळणं, घसा सुजणं हे बरंचसं विषाणूपेक्षा आपल्याच दाहाचं काम असतं. आवरणारं कोणी नसलं की ते वाढतं.

मला सगळ्यात जास्त पटलेला प्रयोग नवराबायकोंचा आहे. पुन्हा ओहायोचाच, २००५ चा. ४२ जोडप्यांच्या हातावर यंत्रानं त्वचा ओढून लहान फोड उठवले. रुग्णालयातल्या एका मुक्कामात त्यांना एकमेकांना आधार देणारं बोलायला लावलं, दुसऱ्या मुक्कामात भांडणाच्या विषयावर. भांडणानंतर फोड हळू भरले. आणि जी जोडपी मुळातच एकमेकांना टाकून बोलत, त्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानंच भरल्या. त्याच जोडप्यांच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही दाहाची प्रथिनं जास्त वाढलेली होती. सगळं मर्म यात आलं. ताणामुळे दाह जखमेत हवा असतो तिथे कमी पडतो, आणि रक्तात नको असतो तिथे वाढतो. ‘ताणानं प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी काम करायला लागते.

रक्तातला हा मंद दाह सीआरपी या तपासणीत दिसू शकतो. तो एकट्या ताणानं येत नाही. पोटाची चरबी, तंबाखू, सुजलेल्या हिरड्या, अपुरी झोप हे सगळे त्यात भर घालतात. पण घरच्यांचं करणाऱ्यांचा हिशोब वेगळा निघाला आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्या वृद्धांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ वाढण्याचा वेग सहा वर्षांत इतरांच्या सुमारे चौपट होता, आणि जोडीदार गेल्यावरही काही वर्षं तो तसाच राहिला. ‘आता सुटली बिचारी’ असं आपण म्हणतो. शरीर एवढ्यात सुटत नाही.

दाह दाबला की हृदयाचा धोका खरंच कमी होतो का, हेही तपासून झालं. २०१७ च्या कँटोस चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांना इंटरल्युकिन-१ रोखणारं किंवा नकली इंजेक्शन दिलं. मधल्या मात्रेच्या गटात पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनी घटला, तोही कोलेस्टेरॉल न बदलता. पण औषध घेणाऱ्यांत प्राणघातक जंतुसंसर्ग थोडे जास्त झाले. दाह दाबण्याची किंमत असते.

ही किंमत आपण २०२१ मध्ये महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहिली. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं जीव वाचवले. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही. आणि दुसऱ्या लाटेत मधुमेहींना नको तिथे, नको तितकी स्टेरॉइडं गेली, त्यांच्यातून काळ्या बुरशीचे रुग्ण वॉर्डांत येऊ लागले. गुडघेदुखीवर खात्रीची म्हणून जी बिननावाची पुडी गावोगाव मिळते, तिच्यातही पुष्कळदा स्टेरॉइडच असतं. दोन दिवसांत गुडघा हलका होतो, वर्षभरात चेहरा गोल होतो, साखर वाढते आणि जखम भरेनाशी होते. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. एकदम बंद करू नका. बाहेरून पुरवठा होत असल्यानं स्वतःची अ‍ॅड्रीनल ग्रंथी झोपी गेलेली असते, आणि अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्या-गोळ्यांबद्दल लोक विचारतात. संधिवातात, सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उठलेली असते. ती आणखी वाढवून काय साधणार? कोणती शक्ती, कुठे, कधी वाढवायची, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

याच्या उलट टोकही टाळायला हवं. प्रत्येक दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होणं वैद्यकाला एकदा महागात पडलं आहे. जठराचा अल्सर काळजी करणाऱ्यांचा आजार, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. मार्शलनं तर १९८४ मध्ये त्या जंतूचं द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. शांत राहा म्हणून ज्यांची बोळवण झाली होती, त्यांना खरं तर अँटिबायोटिक हवं होतं. म्हणून भरत नसलेल्या जखमेत आधी साखर, संसर्ग, रक्तपुरवठा पाहायचा. ताणाचा विचार त्यांच्यासोबत करायचा, त्यांच्या जागी नाही.

राहिला उपाय. ‘टेन्शन घेऊ नका’ हे मी कधीच सांगत नाही. ते ऐकून पेशंटला जखमेबरोबर जखम न भरल्याचा दोषही आपल्याच माथी आल्यासारखं वाटतं. त्या मावशींनी टेन्शन हौसेनं घेतलं नव्हतं. मी मोजता येतील अशा गोष्टी मागते. पहिली झोप. २०१५ च्या एका प्रयोगात नाकात विषाणू सोडल्यावर, रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. दुसरी वेदना. दुखणं सहन करण्यात शौर्य नाही. दुखतं तोवर शरीर धोक्याच्या पवित्र्यातच असतं, तेव्हा सांगितलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या. तिसरी, काही मिनिटं संथ श्वास किंवा शरीर सैल सोडायचा सराव. न्यूझीलंडमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर असा सराव केलेल्या रुग्णांच्या जखमेत नवीन मांसाला लागणारा पदार्थ जास्त जमा झालेला आढळला. चौथी, जेवण. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई प्रथिनं कुठून आणणार?

आणि पाचवी, सगळ्यात अवघड: कामाची वाटणी. त्या मावशींचा मुलगा पुण्याला कंपनीत होता आणि धाकटी जाऊ दोन गल्ल्या सोडून राहत होती. दोघांनाही बोलावून मी सांगितलं, जखम भरेपर्यंत रात्रीचं उठणं तुमच्याकडे. मुलानं रजा टाकली, नंतर जावेनं रात्रीला यायचं कबूल केलं. कुणी वाईट नव्हतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं इतकंच. जखम पुढे भरली. त्यात झोपेचा वाटा किती, वजन न उचलण्याचा किती आणि नुसत्या उलटलेल्या दिवसांचा किती, हे एका बाईवरून सांगता येत नाही. त्यासाठीच तर वरचे सगळे प्रयोग.

आपल्या डिस्चार्ज कार्डवर औषधं असतात, टाके काढायची तारीख असते, पथ्य असतं. पेशंटसोबत कोण आहे, हे आपण भरती करतानाच लिहून घेतो. पेशंट स्वतः घरी कुणाचं करतो, आणि ते काम आता कोण उचलणार, याला कुठंच रकाना नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी तो प्रश्न विचारायला लावते आणि ज्यानं काम घेतलं त्याचं नाव आणि फोन नंबर केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून घ्यायला सांगते. अर्धं मिनिट लागतं. नाव लिहिलं की घरात कुणाची तरी जबाबदारी ठरते, आणि पुढच्या ड्रेसिंगला पेशंट आला की सिस्टरला थेट त्या माणसाला फोन लावता येतो. छापील रकाना येईल तेव्हा येईल.